नवी घोंगडी धुतल्यावर का सुटली? आटपाडीतल्या एका ऑर्डरचं प्रकरण

पार्सल परत आलं तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत एकच तक्रार होती : टाके कच्चे आहेत. सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातला एक महिला बचत गट. पुण्यातल्या गृहसजावटीच्या एका दुकानाने त्यांच्याकडून उशीचे ४० अभ्रे करून घेतले होते. जाड सुती कापडावर घोंगडीतून कापलेले आकार बसवायचे, भोवती ब्लँकेट टाका घालायचा आणि वर थोडं भरतकाम. माल गेला, विकलाही गेला, आणि गिऱ्हाइकांनी पहिल्यांदा धुतल्यावर ११ नग दुकानात परत आले. दुकानाने राहिलेले पैसे थांबवले. गटात मग कुणाचे टाके कुठले, कुणाचा हात ढिला, याच्या चौकशा सुरू झाल्या. भांडण पेटायला एवढं पुरतं.

भरतकाम शिकवणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे टाके तपासायला मला बोलावलं गेलं.

अभ्र्यावरचं चित्र साधं आणि चांगलं होतं. खाली काळ्या मेंढरांची रांग, वर डाळिंबाची डहाळी. आटपाडीत टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं आणि डाळिंबं वाढली, पण मेंढरं त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. चित्रात दोन्ही होतं. परत आलेल्या पहिल्याच नगावर मेंढराचं अंग कडेने झिपरं झालेलं, कान अर्धा गेलेला आणि चारही पायांच्या जागी सुटे काळे धागे लोंबत होते. ब्लँकेट टाक्याची चौकट मात्र जशीच्या तशी होती. सारख्या अंतराचे, सारख्या खोलीचे टाके पायाच्या आकारात सुती कापडावर उभे, आणि त्यांच्या आत पाय नाही. टाका जागेवर, कापड गायब.

टाके कच्चे असते तर दोरा सैल झाला असता, गाठ सुटली असती, आकार सबंध उचकटला असता. इथे दोरा कुठेच तुटला नव्हता. म्हणजे चिठ्ठीतली तक्रार चुकीच्या जागी बोट दाखवत होती. गटातल्या मुलींना हे मी सगळ्यांसमोर सांगितलं, कारण ते आधी सांगणं गरजेचं होतं. कापड का सुटलं ते शोधायचं राहिलं होतं.

नमुना टिकला, माल टिकला नाही

लोकरीच्या अॅप्लिकची (कापडावर दुसऱ्या कापडाचे आकार शिवण्याच्या कामाची) सगळी गंमत अशी की कड दुमडायची नाही. सुती कापडाचं अॅप्लिक करताना पाव इंच कापड आत वळवावं लागतं, नाहीतर कड उसवते. लोकरीचं कापड जाड, ते वळवलं तर आकाराला गोटा येतो. म्हणून कापायचं आणि तसंच ठेवायचं. अमेरिकेत १९ व्या शतकात जुन्या लोकरी कपड्यांच्या गोल चकत्या एकावर एक ठेवून, भोवती ब्लँकेट टाका घालून टेबलावरच्या चटया करत. आज या कामाचा जो प्रकार जगभर चालतो त्याचं एक मूळ तिथलं. पण त्या चकत्या न दुमडता टिकल्या, कारण ते कापड आधीच आटून घट्ट झालेलं होतं.

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, सगळे एकाच दिशेला कललेले. गरम पाणी, साबण आणि चोळणं हे तिन्ही एकत्र आलं की तंतू सरकतात, पण खवल्यांमुळे एकाच दिशेला सरकतात, मागे येत नाहीत. हळूहळू ते एकमेकांत इतके अडकतात की विणीतले ताणा-बाणा (उभे-आडवे धागे) वेगळे ओळखू येत नाहीत. कापड आटतं, जाड होतं आणि कात्री कुठूनही चालवली तरी धागा सुटत नाही. चांगलं स्वेटर चुकून गरम पाण्यात गेलं की लहान पोराच्या मापाचं होऊन बाहेर येतं, तीच ही क्रिया; इथे ती मुद्दाम करायची. दुकानात तयार मिळणारं फेल्ट वेगळं, ते विणलेलंच नसतं. आपल्याकडचं जेनही तसंच, लोकर थापून, मळून केलेलं. घोंगडी मात्र सणगर कारागिरांनी मागावर विणलेली. ती आटवली नसेल तर कापल्यावर ते नुसतं हातमागाचं जाडंभरडं कापड राहतं.

मग प्रश्न असा होता की दुकानाला दाखवलेला नमुना टिकला कसा? तो नमुना दुकानदाराने स्वतः धुऊन पाहिला होता आणि मगच ऑर्डर दिली होती. गटाच्या अध्यक्षांना विचारलं, नमुन्याची घोंगडी कुठली?

"आवं ताई, नमुन्याला कोण नवं कापड फाडतंय? मामंजींची जुनी घोंगडी व्हती, एका बाजूनं जळल्याली. तीच कापली."

आणि ऑर्डरची?

"ती सणगराकडनं नवी आणली. येवढं मोठं काम, जुन्यात कसं करायचं?"

उत्तर इथेच होतं. मामंजींची घोंगडी वर्षानुवर्षं पावसात भिजलेली, ओढ्यावर आपटून धुतलेली, अंगाखाली रगडलेली. वापरता वापरता ती आपोआप आटली होती. नवी घोंगडी कोरी होती. पण कोरी असूनही ती कापताना सुटली नाही, उलट कात्रीखाली छान कडक आली, म्हणून कुणाला शंकाही आली नाही.

ती कडक आली खळीमुळे. हाताने कातलेलं लोकरीचं सूत मागावर टिकावं म्हणून सणगर ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. खळीशिवाय ताणा पिंजतो आणि तुटतो. नव्या घोंगडीचा तो ताठपणा, तो किंचित उग्र वास, हे सगळं खळीचं. कापलेल्या कडेला धागे धरून ठेवत होती ती हीच खळ, लोकर नव्हे. पहिल्या धुण्यात खळ पाण्यात गेली आणि मेंढराचे पाय सुटले. अंगापेक्षा पाय आधी गेले त्याचंही कारण सरळ आहे. या घोंगडीत इंचाला मोजून नऊ-दहा धागे होते. अर्ध्या इंचाच्या पायात उभे धागे चार-पाचच, त्यातले दोन ब्लँकेट टाक्याने बाहेरच्या बाजूला ओढलेले. उरलेल्यांना धरायला काही नव्हतंच.

बादलीतली चाचणी

अंदाज पटला तरी पुरावा हवा होता, कारण पैसे अडकले होते आणि दुकानदाराला "खळ गेली" एवढ्यावर पटलं नसतं. अंगणात बंब पेटवला. चार कापडांचे १२ इंचांचे चौकोन कापले : नवी घोंगडी, मामंजींच्या घोंगडीचा उरलेला तुकडा, जावळाच्या, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरीच्या, लोकरीची एक घोंगडी आणि बाजारातून आणलेल्या जुन्या लोकरी कोटाचं कापड. गरम पाणी, साबणाचा चुरा, धुण्याच्या दगडावर चोळणं, मग गार पाण्यात बुडवणं, पुन्हा गरम. सावलीत वाळवायचं, मोजायचं, मधोमध कापायचं आणि कडेचा धागा नखाने ओढून बघायचा. यंत्र नाही, पण एवढ्यावर निकाल स्पष्ट लागतो.

जुन्या घोंगडीत फारसा फरक पडला नाही, ती आटायची तेवढी आटूनच आली होती. कोटाचं कापड सगळ्यात जास्त आटलं, ९ इंचांच्या आत आलं, आणि कड पुठ्ठ्यासारखी बसली. ती मऊ, बारीक लोकर होती. अशा लोकरीवर खवले दाट असतात. नवी घोंगडी पहिल्या धुण्यात नुसती ढिली पडली, मऊ झाली, आकाराने जेमतेम अर्धा इंच कमी. पुन्हा पुन्हा चोळल्यावर साडेदहा इंचांपर्यंत आली, तरी नखाला धागा लागायचाच. दख्खनी मेंढीची लोकर जाड, केसाळ. तिच्यात पोकळ गाभ्याचे ताठ तंतू पुष्कळ. ते वाकत नाहीत, एकमेकांत गुंतत नाहीत. पावसापाण्यात रानात वर्षं काढायला ही लोकर पक्की, पण लवकर आटण्याच्या कामाला नाखूश. मामंजींच्या घोंगडीला जे आयुष्यभरात झालं ते बंबाच्या पाण्यात दुपारभरात होणार नव्हतं.

जावळाच्या तुकड्याने मात्र आशा दाखवली. ती लोकर मऊ आणि बारीक. तो चौकोन पावणेदहा इंचांवर आला आणि कड धरली. कोटाच्या कापडाइतकी नाही, पण नख लावल्यावर धागा न येता नुसता मऊ केसाळपणा वर यायचा. अॅप्लिकला तेवढं पुरतं.

दोन दोष आणखी निघाले, त्यात फार वेळ घालवायची गरज नव्हती. खालचं सुती कापड न धुता वापरलं होतं, ते धुतल्यावर आटलं आणि वरचा आकार फुगला. मांजरपाट असो की हातमाग, आधी धुऊन घ्यावं एवढंच. दुसरा दोष डाळिंबाच्या लाल दाण्यांत. काही नगांत लाल कापड शालीचं होतं, काहींत स्टेशनरीच्या दुकानातल्या फेल्ट शीटचं. शालीचा एक धागा काढून काडी लावली तर तो वितळला, काळा धूर सोडला आणि टोकाला कडक मणी राहिला. ॲक्रिलिक. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की विझते आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक किती उकळलं तरी आटत नाही, त्यामुळे ते या कामाचं नाही. फेल्ट शीट पॉलिएस्टरचं. उसवत नाही, पण त्यावर गोळे येतात आणि इस्त्री जरा तापली की चिकटतं. बायकांनी हा काडीचा खेळ मग घरातल्या प्रत्येक शालीवर करून पाहिला. लग्नात आलेल्या "प्युअर वुलन" शालींचं काय झालं ते इथे लिहीत नाही.

मार्ग कुठला

दुकानदाराचं म्हणणं होतं, बाहेरून मेरिनो मेंढीच्या लोकरीचं आटवलेलं कापड मागवा आणि तेच चित्र करा. काम झालं असतं. पण मग त्या अभ्र्यात माणदेशाचं काय राहिलं, आणि तो आटपाडीतच का शिवायचा? मला तो मार्ग आवडला नाही, गटालाही नाही. माझा आणि त्यांचा स्वार्थ इथे वेगळा होता हेही खरं. मला हस्तकलेचं कौतुक, त्यांना महिन्याचा हिशोब.

दुसरा मार्ग म्हणजे आकारामागे इस्त्रीने चिकटणारी जाळी लावणं. नव्या घोंगडीवर तो करून पाहिला. केसाळ पृष्ठभागावर जाळी धड बसत नाही, बसली तिथे कापड पापडासारखं होतं आणि सुईला डिंक लागून दोरा अडतो. मुलींनी दुसऱ्याच नगाला हात जोडले.

शेवटी बदल झाला तो वस्तूतच. उशीचा अभ्रा ही वस्तू मुळात या कापडाची नव्हती. तो वारंवार धुवावा लागतो आणि घोंगडी टोचते. हे गटातल्या एका आत्यांनी ऑर्डर आली त्याच दिवशी बोलून दाखवलं होतं : "पावन्याला उशी देतायसा का बाभळीचा काटा?" तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. आता आत्यांचं म्हणणं कागदावर आलं. अभ्र्याऐवजी आसन आणि भिंतीवर लावायची पट्टी. घोंगडी कापायची नाही, तिला खाली ठेवायचं. सणगराकडून आसनाच्या मापाचीच पट्टी विणून घ्यायची, दोन्ही बाजूंना विणीचा पक्का काठ, दोन टोकांना दशा. कात्री लागलीच नाही तर सुटणार काय? आणि वरचे आकार आटवलेल्या जावळातून कापायचे.

यामुळे आणखी एक गुंता सुटला, ज्याबद्दल आधी कुणी उघड बोललं नव्हतं. गटातल्या दोघींच्या घरी घोंगडी देवाच्या कामाला बसायला घेतात. चांगली नवी घोंगडी कात्रीने फाडताना त्यांचा हात अडत होता आणि त्या कापण्याचं काम दुसरीकडे सरकवत होत्या. आसन म्हटल्यावर त्याच दोघी पुढे झाल्या.

चित्र बदलावं लागलं. अणकुचीदार काही नको, अर्ध्या इंचाखालचं काही नको. मेंढराचे पाय आता कापडाचे नाहीत, ते भरतकामाने येतात : चार उभ्या रेघा, साखळी टाक्यात. कान म्हणजे एक पाकळी टाका. डाळिंब गोल, मोठं, डोक्यावरचा मुकुट तीनच कंगोऱ्यांचा. खरं सांगायचं तर चित्र आधीपेक्षा चांगलं झालं. बारीक पायांची मेंढरं जरा पुस्तकातली वाटायची, ही बसकी मेंढरं मेंढपाळाच्या वाड्यातली वाटतात.

टाक्याचंही गणित नव्याने बसवलं. आधी सहा पदरी रेशमातले दोन पदर घेऊन ब्लँकेट टाका घातला होता. सुती कापडावर तो दिसला असता, घोंगडीच्या केसांत बुडतो. आता पर्ल कॉटन हा पीळदार दोरा, जावळाच्या आकाराभोवती ८ नंबरचं आणि घोंगडीवरच्या जाड रेघांना ५ नंबरचं. सुई २२ नंबरची शेनील, मोठ्या नेढ्याची पण टोकदार. गावात क्रॉस स्टिचची बोथट सुई सहज मिळते म्हणून आधी तीच वापरली होती. ती या कापडात शिरताना धागे बाजूला रेटते, बोटं दुखतात ते वेगळंच. टाका पाव इंच आत आणि तेवढ्याच अंतरावर. कोपऱ्यावर टाका घेतला की त्याच जागी एक बारीक अडकवणीचा टाका, म्हणजे कोपऱ्यावरचा दोरा घसरत नाही. रिंग लावायची नाही. घोंगडी रिंगेत बसत नाही आणि बसवली तर वळ उठतो. मांडीवर घेऊन शिवायचं.

आकार छापायला परदेशात एका बाजूला प्लास्टिकचा थर असलेला कागद लोकरीवर इस्त्रीने चिकटवतात. इथे जुन्या एक्स-रे फिल्मचे साचे केले. काळ्या कापडावर खुणा करायला अंगाच्या साबणाची वाळलेली चिपटी. शिंप्यांचा हा उपाय कुठल्याही खडूपेक्षा बारीक रेघ देतो आणि धुतल्यावर जातो.

रंगाचा प्रश्न उरला होता. दख्खनी लोकर बहुतेक काळी, तपकिरी, करडी. तिच्यावर रंग चढवून उपयोग नाही, दिसतच नाही. पांढरट जावळ वेगळं काढलं तरच रंग लागतो. पिवळ्यासाठी डाळिंबाची साल होतीच, तालुक्यात तिला तोटा नाही. तुरटीच्या पाण्यात लोकर मुरवून सालीच्या काढ्यात घातली की मोहरीसारखा पिवळा येतो. त्याच काढ्यात चिमूटभर हिराकस (लोहक्षार) टाकली की रंग करडा-हिरवा होतो, डाळिंबाच्या पानांना चालतो; हिराकस जास्त झाली तर लोकर चरबरीत होते, म्हणून चिमूटच. लालसाठी मंजिष्ठा आणली. मंजिष्ठेला खळखळून उकळी दिली की तांबडा जाऊन विटकरी येतो, तेव्हा आच मंदच ठेवायची. आणि रंगाच्या भांड्यातून काढलेली गरम लोकर एकदम गार पाण्यात टाकायची नाही. ती भांड्यातच निवू द्यायची, नाहीतर नको तिथे आटते. आटवण्याचं काम आणि रंगाचं काम वेगळं ठेवलं तर दोन्ही हातात राहतात.

पैसे

दुकानदाराला चार चौकोन आणि एक परत आलेला अभ्रा असं सगळं पाठवलं. त्यांनी टाक्यांची तक्रार मागे घेतली. पण "आम्ही धुता येईल असं लेबल लावलं ते तुमच्या सांगण्यावरून" हा मुद्दा त्यांनी सोडला नाही. तो मुद्दा अर्धाच खरा होता. गटाने "हाताने धुता येईल" सांगितलं होतं, दुकानाच्या छापील लेबलावर वॉशिंग मशीनचं चित्र होतं. बरीच घासाघीस होऊन परत आलेल्या ११ नगांचं नुकसान निम्मं-निम्मं झालं आणि बाकीच्या २९ नगांचे पैसे सुटले. माझ्या मते गटाने निम्मं घेणं जास्तच झालं. पण पुढची ऑर्डर त्याच दुकानाची होती, आणि तो निर्णय त्यांचा.

मजुरी मात्र बदलली, आणि ती बदलायला हवीच होती. अभ्र्याला नगामागे ₹९० मिळत होते, एका नगाला सहा-सात तास लागत. त्यात आकार कापणं, खुणा करणं धरलंच नव्हतं. आता आटवणं, रंगवणं, कापणं, टाके आणि भरतकाम यांचे दर वेगळे लिहिले आहेत. आटवणीचा दर ठरवताना सगळ्यात जास्त वाद झाला, कारण ते काम शिवणासारखं दिसत नाही आणि कंबर तेच मोडतं.

पुढची अडचण लोकरीचीच. जावळ मुळात थोडं, कोकरागणिक एकदाच. त्यात भागातली मेंढरं बदलत चालली आहेत. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी उंच, बाकदार नाकाची मेंढी मटणाला चांगला भाव देते, पण अंगावर लोकर नावालाच. दख्खनी लोकरीला तर अनेकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही, मग मेंढपाळ ती बांधावर टाकून देतात. गटाने मेंढपाळांच्या दोन वाड्यांशी बोलून जावळ वेगळं ठेवायला सांगितलं आहे आणि किलोमागे रोख देऊ केलं आहे. आलेली लोकर रिठ्याने धुऊन, वाळवून, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायची, कारण मळकी लोकर पोत्यात पडून राहिली की कसर लागतेच. पहिल्या ऑर्डरचं उरलेलं पोतं त्यातच गेलं.

दुकानाला दिवाळीआधी ६० आसनं हवी होती. जावळाचा अंदाज घेऊन गटाने २५ लिहून दिली आणि धुण्याच्या सूचनेचं लेबल स्वतःच छापून घेतलं : झटकून उन्हात घालावे, डाग पडल्यास तेवढीच जागा गार पाण्याने पुसावी, मशीनमध्ये धुऊ नये. दुकानदाराने २५ वर सही केली. उरलेल्या ३५ चं दिवाळीनंतर बघू म्हणाले.